उन्हाची साक्ष : डेम हॅरिएट चिक

आमच्या घरी गेल्या दोन वर्षांपासून गणपतीच्या आरासीशेजारच्या कपाटात नातीच्या औषधांचा एक डबा असतो. सातव्या वर्षी तिचे गुडघे आणि मनगटे सुजली. सकाळी उठताना पाय आखडलेले असायचे. खेळताना पडली असेल म्हणून आम्ही आधी तेल लावले, शेकले, पण सूज उतरेना. शेवटी निदान झाले ते बालसंधिवाताचे. म्हाताऱ्यांचा आजार एवढ्याशा पोरीला कसा, या प्रश्नानेच आम्ही आधी खचलो. औषधे सुरू झाली, त्यात काही महिने स्टेरॉइडही होते. त्यांच्याबरोबर डॉक्टरांनी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाचे थेंबही लिहून दिले होते.

आमच्या सौभाग्यवतींनी तेव्हा एक शंका काढली. ऊन अंगावर पडले की ड जीवनसत्त्व आपोआप तयार होते असे सगळे सांगतात. मग उन्हाच्या देशात राहणाऱ्या मुलीला थेंब कशाला? मी जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवले, तरी या प्रश्नाचे नीट उत्तर मला देता आले नाही. म्हणून पुस्तके काढून बसलो आणि वाचता वाचता एका इंग्रज बाईंच्या चरित्रापाशी येऊन थांबलो. त्या बाई म्हणजे डेम हॅरिएट चिक. त्यांना जाऊन जवळजवळ अर्धे शतक होत आले. आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी कोणा थोर व्यक्तीची ओळख असते. यंदा ती या बाईंची करून द्यावी असे वाटले.

हॅरिएटबाईंचा जन्म ६ जानेवारी १८७५ रोजी लंडनमध्ये झाला. वडील सॅम्युएल चिक हे लेसचे व्यापारी. डेव्हन परगण्यातल्या हाताने विणलेल्या नाजूक लेसचा त्यांचा धंदा होता. घर मेथॉडिस्ट पंथाचे आणि शिस्तीचे. रोज प्रार्थना, चैनीला थारा नाही. मात्र या कडक घराने एक गोष्ट मोकळ्या मनाने केली. ज्या काळात मुलींना जेमतेम लिहिता-वाचता आले म्हणजे पुरे असे इंग्लंडातही मानत, त्या काळात चिक मंडळींनी आपल्या मुलींना शास्त्र शिकवणाऱ्या शाळेत घातले. सात बहिणींपैकी बहुतेक जणी पुढे विद्यापीठात शिकल्या. धाकटी फ्रान्सिस तर संख्याशास्त्रात नावाजली.

हॅरिएटबाई लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेल्या. पुढे सूक्ष्मजंतूंच्या अभ्यासासाठी व्हिएन्ना आणि म्युनिक येथे राहिल्या. तेथे त्यांना जर्मन भाषा चांगली अवगत झाली, आणि या भाषेचा पुढे फार उपयोग होणार होता. दूषित पाण्यातल्या हिरव्या शेवाळावर संशोधन करून त्यांनी लंडन विद्यापीठाची डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी मिळवली.

१९०५ साली लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये जेन्नर यांच्या नावाची एक संशोधनवृत्ती निघाली. हॅरिएटबाईंनी अर्ज केला. तोवर ही वृत्ती कोणा स्त्रीला मिळालेली नव्हती. संस्थेतल्या दोघांनी संचालकांकडे जाऊन, बाईला नेमण्याचा अविचार करू नका, अशी गळ घातली. संचालक चार्ल्स मार्टिन यांनी ती ऐकली नाही. बाई रुजू झाल्या आणि पुढची पन्नासहून अधिक वर्षे त्या संस्थेशी जोडलेल्या राहिल्या. गळ घालणाऱ्यांची नावे आज कोणाला आठवत नाहीत.

पहिल्या काही वर्षांतच त्यांनी एक मोलाचे काम केले. जंतुनाशक टाकले की सगळे जंतू एकदम मरतात, अशी सर्वसाधारण समजूत होती. बाईंनी ठराविक वेळाने जिवंत जंतू मोजले. तेव्हा असे दिसले की दर क्षणी किती जंतू मरणार हे त्या वेळी किती शिल्लक आहेत त्यावर ठरते. १९०८ सालचा हा नियम पुढे चिक-वॉटसन नियम म्हणून ओळखला गेला. नळाच्या पाण्यात क्लोरिन किती टाकायचे आणि ते किती वेळ पाण्यात राहू द्यायचे, याचे गणित आजही या नियमाच्या आधाराने मांडतात.

मग पहिले महायुद्ध आले, आणि येथे या चरित्राचा एक धागा थेट आपल्यापर्यंत येतो. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत-अल-अमारा येथे डिसेंबर १९१५ पासून एप्रिल १९१६ पर्यंत आपल्या सैन्याला वेढा पडला होता. वेढ्यात अडकलेली डिव्हिजन पुण्याची. ज्या मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आज आपल्या बेळगावात आहे, तिच्या जुन्या पलटणीही त्यात होत्या. शिधा संपत आला तसे दोन वेगवेगळे आजार दिसू लागले. मैद्याच्या पावावर राहणाऱ्या गोऱ्या सैनिकांना बेरीबेरी झाला. आपल्या शिपायांना आट्यामुळे बेरीबेरी झाला नाही, पण ताजी भाजी नाही आणि घोड्याचे मांस खाण्याची पुष्कळांची तयारी नाही, त्यामुळे त्यांना स्कर्व्हीने गाठले. हिरड्यांतून रक्त, सुजलेले सांधे, न भरणाऱ्या जखमा. एकाच तळावर दोन प्रकारचे शिधे आणि त्यांचे दोन आजार.

अन्नात पिष्ट, स्निग्ध, प्रथिने आणि क्षार यांखेरीज आणखी काही सूक्ष्म द्रव्ये लागतात, ही कल्पना तेव्हा नुकतीच पुढे आली होती. सैन्यासाठी ती द्रव्ये कोणत्या टिकाऊ अन्नातून पुरवता येतील, हे शोधायचे काम लिस्टरमधल्या स्त्रियांकडे आले, कारण पुरुष संशोधक युद्धावर गेले होते. हॅरिएटबाई आणि त्यांच्या सहकारी मार्गारेट ह्यूम यांनी पदार्थांमागून पदार्थ तपासले. बेरीबेरीवर यीस्ट आणि वाळवलेली अंडी उपयोगी ठरली. स्कर्व्हीसाठी मात्र ताजेपणाच हवा होता. वाळवंटात ताजी भाजी कोठून आणणार? उत्तर सापडले ते कडधान्याच्या पोत्यात. कोरडी डाळ स्कर्व्हीवर निरुपयोगी, पण तेच कडधान्य भिजवून मोड आणले की गुणकारी. आपल्या घरोघरी आजी फडक्यात मटकी बांधून ठेवते, त्याच कृतीचे महत्त्व लंडनच्या प्रयोगशाळेत गिनिपिगवर सिद्ध झाले. आरमारात वर्षानुवर्षे दिला जाणारा लाइमचा रस लेमनच्या रसापेक्षा फारच कमी गुणाचा आहे, हेही याच मंडळींनी दाखवून दिले.

युद्ध संपले आणि व्हिएन्नाहून भयंकर बातम्या येऊ लागल्या. साम्राज्य कोसळलेले, शहरात दूध नाही, कोळसा नाही, आणि मुलांची हाडे वाकत चाललेली. हा मुडदूस. मुडदूस झालेल्या बाळाची टाळू लवकर भरत नाही, मनगटे जाड होतात, बरगड्यांवर मण्यांसारख्या गाठी येतात, आणि मूल उभे राहू लागले की पायांची कमान होते. मुलीला झाला तर कटीचे हाड आकसते आणि पुढे तिच्या बाळंतपणात जिवावर बेतते. जर्मन भाषेत या रोगाला इंग्रजी रोग म्हणत, कारण धुराने काळवंडलेल्या इंग्लंडच्या शहरांत तो पिढ्यान्‌पिढ्या घर करून होता. आता तो इंग्रजी रोग निवारण्यासाठी इंग्रज बायकाच कालच्या शत्रूच्या राजधानीत निघाल्या. १९१९ साली हॅरिएटबाई तेथे पोहोचल्या. बरोबर ऑस्ट्रेलियाच्या डॉक्टर एल्सी डॅलिएल होत्या. पुढे मार्गारेट ह्यूम, बालरोगतज्ज्ञ हेलन मॅके आणि हॅना हेंडरसन स्मिथ येऊन मिळाल्या. हॅरिएटबाईंची धाकटी बहीण फ्रान्सिस त्याच वर्षी वारली. घरातले दुःख मागे ठेवून बाई परक्यांच्या मुलांसाठी राबत राहिल्या.

मुडदूस कशाने होतो, यावर तेव्हा रणे माजली होती. लंडनचे एडवर्ड मेलान्बी यांनी कुत्र्याच्या पिल्लांवर प्रयोग करून सांगितले की आहारातली उणीव हे कारण, आणि कॉड माशाच्या यकृताचे तेल हा उपाय. ग्लासगोच्या मंडळींचे म्हणणे, आहाराचा संबंध नाही, कोंदट घर आणि हालचालीचा अभाव हेच मूळ. बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी अतिनील किरणांच्या दिव्याखाली मुडदुशी मुले बसवून त्यांची हाडे सुधारलेली दाखवली. आणि व्हिएन्नातल्या बालरुग्णालयाचे प्रमुख क्लेमेन्स फॉन पिर्के यांना तर हा संसर्गजन्य रोग वाटत होता. अॅलर्जी हा शब्द जगाला देणारे हेच ते पिर्के. एवढा मोठा माणूस, आणि त्याचे मत पाहुण्यांच्या मताविरुद्ध.

तरीही पिर्के यांनी आपले वॉर्ड या स्त्रियांना मोकळे करून दिले, हा त्यांचा मोठेपणा. आणि बाईंचा शहाणपणा असा, की त्यांनी वाद घातला नाही. त्या मोजायला बसल्या. तान्ही मुले दोन गटांत विभागली. एका गटाला रुग्णालयाचे नेहमीचे दूध-साखरेचे अन्न, दुसऱ्याच्या आहारात कॉडचे तेल. खाट, खोली, स्वच्छता आणि परिचारिकांची देखभाल दोघांनाही सारखी. ठराविक काळाने प्रत्येकाच्या हाडांचे क्ष-किरण चित्र. डोळ्यांना बाक दिसण्याच्या कितीतरी आधी हाडाच्या टोकाशी होणारा बदल त्या चित्रात कळत असे.

हिवाळा सरला तेव्हा नेहमीच्या अन्नावरच्या पुष्कळ मुलांना मुडदूस झालेला होता. तेल मिळालेल्या मुलांत एकालाही नाही. खोली तीच होती, हवाही तीच, त्यामुळे संसर्ग आणि कोंदटपणा या दोन्ही कारणांचा निकाल लागला. आहारवाद्यांची बाजू जिंकली, असे म्हणून बाई येथेच थांबल्या असत्या तर कोणी दोष दिला नसता. पण त्या उन्हाळ्यातही मोजत राहिल्या. उन्हाळ्यात कोणालाच नव्याने मुडदूस होईना, तेल मिळो वा न मिळो. आजारी मुलांना आहार न बदलता नुसते उघड्यावर उन्हात ठेवले, तरी त्यांची हाडे भरून येऊ लागली. हिवाळ्यात दिव्याच्या अतिनील किरणांनीही तेच घडले.

म्हणजे आहार म्हणणारे बरोबर होते आणि ऊन म्हणणारेही बरोबर होते. तेलातून शरीराला जे मिळते, तेच कातडीवर ऊन पडले की शरीर स्वतः तयार करते. दोन वाटा एकाच घरी जातात, आणि एक बंद झाली तर दुसरी उघडी हवी. दोन्ही बंद झालेले मूल मुडदुसाच्या तावडीत सापडते. त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये आल्फ्रेड हेस यांनाही उन्हाचा गुण दिसून आला. १९२२ मध्ये अमेरिकेतले एल्मर मॅकॉलम यांनी तेलातले हे द्रव्य वेगळे ओळखले, आणि त्याला ड जीवनसत्त्व हे नाव मिळाले. त्याच वर्षी व्हिएन्नाचे निष्कर्ष लॅन्सेटमध्ये आले आणि पुढच्या वर्षी सविस्तर अहवाल निघाला. पिर्के यांनीही पुरावा मान्य केला.

त्याच व्हिएन्नात बाईंच्या नजरेस आणखी एक गोष्ट आली. रुग्णालयातल्या काही मोठ्या मुलांना भाजी मिळत असूनही स्कर्व्ही झाला होता. शोध घेतला तेव्हा दोष स्वयंपाकघरात निघाला. भाजी इतका वेळ शिजवली जात होती की तिच्यातले सत्त्व पार निघून जाई.

आता आपल्या सौभाग्यवतींच्या शंकेकडे येतो. उन्हाच्या देशात मुडदूस कसा? १९२२ सालीच हचिसन आणि शाह या दोघांनी आपल्या नाशिकमधली निरीक्षणे प्रसिद्ध केली होती. तेथे गरिबांच्या ताटात दूध-तुपाचा अभाव, तरी उघड्यावर वाढणारी त्यांची मुले मुडदुसापासून वाचलेली. उलट पडदा पाळणाऱ्या सुखवस्तू घरांत आईबरोबर अंधाऱ्या खोलीत राहणाऱ्या तान्ह्या बाळांना मुडदूस, आणि पडद्यात गेल्यावर मोठ्या मुलींनाही तोच त्रास. ऊन अंगणात होते, पण ते खोलीत येत नव्हते. आपल्या जुन्या वाड्यांतली बाळंतिणीची खोली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे समजावून सांगायला नको.

आज ती खोली गेली, पण अंगणही गेले. मूल पहाटे रिक्षात बसते, दिवसभर वर्गात असते, संध्याकाळी शिकवणीला जाते. खिडकीच्या काचेतून उजेड आणि ऊब येते, पण हाडांना हवे असलेले किरण काच बहुतांशी अडवते. अगदी सकाळचे कोवळे ऊन सुखाचे असते, पण त्यातही हे किरण थोडेच. आणि आषाढ-श्रावणात बेळगावला सूर्याचे दर्शन किती होते, हे आपण जाणतोच.

बालसंधिवात झालेल्या मुलाची तर दोन्हीकडून कोंडी होते. लंडनच्या जॉर्ज फ्रेडरिक स्टिल यांनी १८९७ साली अशा २२ मुलांचे वर्णन प्रसिद्ध करून, मुलांचा संधिवात हा मोठ्यांपेक्षा वेगळा असू शकतो हे दाखवले. पुढे कळले की या आजारात सांध्यांबरोबर हाडेही झिजतात. अंगातला दाह हाडाची भर कमी करतो. सांधे दुखतात म्हणून मूल धावत नाही, आणि हाड तर धावण्या-उड्या मारण्यानेच घट्ट होते. बाहेर खेळणे थांबले की ऊनही थांबते. त्यातून स्टेरॉइड घ्यावे लागले, तर आतड्यातून कॅल्शियम कमी शोषले जाते आणि नवे हाड बनण्याचे काम मंदावते. हाडांची बहुतेक कमाई विशीच्या आत होते, म्हातारपणी तीच पुंजी खर्चायची असते. म्हणून या मुलांना ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम यांची काळजी इतरांपेक्षा अधिक.

येथे एक गैरसमज मात्र होऊ देऊ नये. ड जीवनसत्त्व हे संधिवाताचे औषध नव्हे. सांध्यांची सूज त्याने उतरत नाही, ते काम मूळ औषधांचे. थेंब सुरू आहेत म्हणून मूळ औषध सोडणे किंवा स्टेरॉइड मनाने एकदम बंद करणे धोक्याचे आहे. आणि चांगले म्हणून जास्त देणेही नको. हे जीवनसत्त्व चरबीत साठते आणि अति झाले की रक्तातले कॅल्शियम वाढून उलट्या आणि मूत्रपिंडाचे विकार उद्भवतात. १९५० नंतर इंग्लंडमध्येच, बाळांच्या दुधात आणि इतर अन्नात ते फार मिसळले गेल्याने काही बाळांना असा त्रास झाला आणि प्रमाण कमी करावे लागले. रक्त तपासून डॉक्टरांनी ठरवलेलीच मात्रा द्यावी.

हॅरिएटबाईंची पुढची वर्षेही कामातच गेली. मक्यावर राहणाऱ्यांना होणारा पेलाग्रा आणि ब गटातली जीवनसत्त्वे यांवर त्यांनी खूप संशोधन केले. दुसऱ्या महायुद्धात गव्हाचा कोंडा किती ठेवावा आणि बटाट्यातल्या प्रथिनांचा गुण किती, याचा त्यांनी केंब्रिजमध्ये राहून अभ्यास केला. त्याच युद्धकाळात ब्रिटिश सरकारने लहान मुलांना कॉडचे तेल आणि संत्र्याचा रस देण्याची योजना सुरू केली. व्हिएन्नाच्या वॉर्डात मांडलेला हिशोब असा घराघरांत पोहोचला. न्यूट्रिशन सोसायटीच्या स्थापनेत बाईंचा वाटा होता आणि १९५६ ते १९५९ या काळात त्या तिच्या अध्यक्षा होत्या. १९४९ साली त्यांना डेम हा किताब मिळाला. त्यांनी लग्न केले नाही. शंभरी ओलांडल्यावर, १९७६ साली, व्हिएन्नातल्या त्या दिवसांवर त्यांचा लेख वैद्यक-इतिहासाच्या एका नियतकालिकात छापून आला. ९ जुलै १९७७ रोजी केंब्रिज येथे, वयाच्या १०२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

आमच्या नातीचे आता बरे आहे. सूज उतरली आहे, स्टेरॉइड डॉक्टरांनी हळूहळू कमी करत थांबवले. थेंब चालू आहेत. शाळा सुटल्यावर आजी तिला थेट घरात न आणता मैदानावर घेऊन जाते आणि स्वतःही बाकावर उन्हात बसते. हॅरिएटबाईंची गोष्ट मी दोघींना सांगितली. नातीला त्यातली मोड आलेल्या मटकीची गोष्ट सर्वांत आवडली. कपाटातला तो डबा पाहिला की आता मला मात्र व्हिएन्नाचा तो थंडगार वॉर्ड आठवतो, आणि वाद न घालता एकेका बाळाचे हाड तपासत बसलेल्या त्या बाई. आपल्या गणरायाला आपण बुद्धीची देवता म्हणतो. मांडवात हात जोडताना, दूरच्या मुलुखातल्या या बुद्धिवंत बाईंचेही स्मरण व्हावे, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.